काटा साडेचोपन्नवरच

सात आठवडे. रोज सकाळी उठून मी काट्यावर उभा राहायचो आणि काटा साडेचोपन्न दाखवायचा. कधी ५४.३, कधी ५४.७, पण फिरून आपला तिथेच. वजन उतरत नाही म्हणून कोणी रडलं तर चारजण धीर द्यायला येतात. चढत नाही म्हणून रडून बघा. 'आमच्यातलं घे की दोन किलो!' हे ऐकून हसण्याचं माझं वय कधीच उलटलं.

मी जन्माचा काडीपैलवान. वडील तसे, आजोबाही तसेच. उंची १७५ सेंटिमीटर, आणि सुरुवात केली तेव्हा वजन ५२. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, १७ च्याही जरा खाली. १८.५ च्या खाली वजन कमी धरतात, म्हणजे माझ्या उंचीला निदान ५७ तरी हवं. पाच किलोंचा तर प्रश्न, तीन महिन्यांत उरकू, असा माझा हिशेब होता. लागले त्याहून बरेच जास्त.

आधी डॉक्टरकडे जाऊन आलो, ते बरं केलं. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, गव्हातल्या ग्लूटेनचा त्रास आहे का त्याची रक्ततपासणी, सगळं ठीक निघालं. डॉक्टरांनी दोनतीनदा एकच विचारलं, वजन आधी जास्त होतं आणि उतरलं, की पहिल्यापासूनच एवढं? पहिल्यापासूनच बारीक असणं वेगळं. काही न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून जास्त घटलं असेल, तर हे असले अनुभव वाचत बसू नका, तपासून घ्या.

पहिले दोन महिने मजेत गेले. जेवणात एक घास जास्त, सकाळी अंडी, रात्री दूध, आणि आठवड्यातून तीन दिवस व्यायामशाळा. अडीच किलो चढलं. मी घरभर मिरवलो. त्या अडीच किलोंत पाण्याचा वाटा बराच होता हे नंतर कळलं. खाणं वाढलं की स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, साठतं आणि एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी राहतं. ते एकदा भरलं की संपलं.

मग आलं साडेचोपन्न.

पहिल्या आठवड्यात दुर्लक्ष केलं. दुसऱ्यात अंडी दुप्पट केली. तिसऱ्यात काट्यावरच संशय आला म्हणून नवा काटा आणला. तो जुन्यापेक्षा आठशे ग्रॅम जास्त दाखवायचा. एक दिवस मी फार आनंदात होतो, मग अक्कल आली आणि जुनाच काटा पुन्हा बाहेर काढला. चौथ्यात दिवसातून तीनदा वजन करू लागलो. हा शुद्ध वेडेपणा. अर्धा लिटर पाणी प्यायलं की काटा अर्धा किलो चढतो आणि बाथरूमला जाऊन आलं की उतरतो. त्यावर खूश व्हायचं की नाराज? वजन रोज करायचं तर सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, एकदाच. आणि बघायची ती आठवड्याची सरासरी. एकेका दिवसाच्या आकड्याला काही अर्थ नसतो.

पाचव्या आठवड्यात मला माझी सबब सापडली. १९९९ साली जेम्स लेव्हिन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा जणांना आठ आठवडे रोज १००० कॅलरी जास्त खायला घातल्या. कोणाच्या अंगावर ४.२३ किलो चरबी चढली, कोणाच्या जेमतेम ०.३६. फरक पडला तो नकळत होणाऱ्या हालचालींनी. पाय हलवणं, उठबस करणं, उभं राहणं, येरझाऱ्या घालणं. काहीजणांचं शरीर जादा अन्न मिळालं की अशी चुळबुळ वाढवतं आणि खाल्लेलं जाळून टाकतं. हे वाचलं तेव्हा माझा उजवा पाय टेबलाखाली हलतच होता. फोनवर बोलताना मी खोलीत किती फेऱ्या मारतो हे बायकोला विचारा. म्हटलं, झालं, आपलं शरीरच तसलं. आता कोणी 'खा की जरा' म्हणालं की तोंडावर फेकायला माझ्याकडे संशोधन होतं.

अशा तोऱ्यात मी आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एक फॉर्म पुढे सरकवला.

या फॉर्मचा राग अजून गेलेला नाही. वेळ, पदार्थ, किती, कुठे बसून खाल्लं, भूक किती होती. प्रत्येक घासाला पाच रकाने. 'किती' या रकान्यात मी 'एक वाटी' लिहिलं तर बाई म्हणाल्या, "वाटी केवढी?" मी हाताने दाखवली. "आणि काठोकाठ भरलेली?" मला काय माहीत! तिथेच खुर्चीत बसून आठवणीवरून आदल्या दिवसाचं सगळं लिहून दिलं. त्यांनी बेरीज केली, २८०० कॅलरी. मी विजयी मुद्रेने बघितलं. बाईंनी शांतपणे विचारलं, "हे काल तुम्ही खाल्लेलं आहे, की तुम्ही खाता असं तुम्हाला वाटतं ते?"

मला राग आला. म्हटलं, मी खोटं बोलतोय का? "खोटं नाही हो," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारख्यांना चांगलं जेवलेले दिवस लक्षात राहतात. राहून गेलेलं जेवण कोणालाच आठवत नाही." आणि सात दिवस सगळं वजन करून लिहून आणायला सांगितलं.

तो फॉर्म माझ्या पिशवीत दहा दिवस पडून होता. ज्याला खायचं लक्षात राहत नाही त्याला खाण्याची वही ठेवायला सांगायची, यात काही न्याय आहे? शेवटी स्वयंपाकघरासाठी एक छोटा वजनकाटा आणला आणि चिडून, नुसतं बाईंना खोटं पाडायचं म्हणून, सात दिवस लिहिलं. भात ताटात वाढण्याआधी काट्यावर. शेंगदाणे तोंडात टाकण्याआधी काट्यावर. तेल चमच्याने मोजून. मुलगी विचारायची, "बाबा, पाणी पण मोजणार?"

आकडे असे आले: २६५०, २५८०, १८४०, २३१०, १७९०, २४८०, १९६०. सरासरी २२३०.

मी स्वतःला २८०० चा माणूस समजत होतो आणि त्या आठवड्यात एकही दिवस तिथवर पोचलो नव्हतो. रोजचा साडेपाचशेहून जास्त कॅलरींचा फरक. कुठे जात होत्या त्या? वहीत सगळं पांढऱ्यावर काळं होतं. रात्री दडपून जेवलो की दुसऱ्या दिवशी सकाळी भूक नाही, म्हणून नाश्ता चहावर भागवलेला. कामाची गडबड असेल तर दुपारचं जेवण अर्धं. आणि सगळ्यात लाज वाटली ती याची की व्यायामाहून आल्यावर मी मोठ्या अभिमानाने जो शेक प्यायचो, त्याने रात्रीचं जेवण निम्म्यावर यायचं. म्हणजे शेक जादा नव्हताच. तो जेवणाच्या जागी जात होता.

बाईंनी फॉर्म बघितला आणि 'बघा, सांगितलं होतं ना' असं काहीही म्हणाल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. मी पायाचं हलणं आणि सोळा जणांचं संशोधन पुढे केलं. त्यांनी मला दुसरं सांगितलं, १९९० सालचं, क्लोद बुशार यांचं. जुळ्या भावांच्या बारा जोड्या, शंभर दिवसांत चौऱ्याऐंशी दिवस, त्या प्रत्येक दिवशी १००० कॅलरी जादा. कोणाचं वजन १३.३ किलोंनी वाढलं, कोणाचं ४.३ किलोंनीच, आणि एका जोडीतले दोघे भाऊ बहुधा सारखेच वाढले. "म्हणजे बघा, अनुवंशिक असतंच!" मी म्हणालो. "असतंच," त्या म्हणाल्या. "पण सगळ्यात कमी वाढलेल्याचंही सव्वाचार किलो वाढलंच ना?"

यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही.

शिवाय एक साधी गोष्ट मी विसरलो होतो. ५२ किलोंच्या शरीराला जेवढं लागतं त्यापेक्षा साडेचोपन्न किलोंच्या शरीराला जास्त लागतं. सुरुवातीला जे जादा होतं, ते आता फक्त पुरेसं होतं. काटा बिघडला नव्हता की शरीर हट्टाला पेटलं नव्हतं. मी बरोबर साडेचोपन्न किलोंच्या माणसाएवढं खात होतो.

पुढे काय बदललं ते ऐकायला अगदीच मामुली आहे. शेक जेवणाआधीचा हलवून झोपायच्या तासभर आधी नेला. ३०० मिली दूध, दोन केळी, दोन मोठे चमचे पीनट बटर, मूठभर ओट्स, की सातशेच्या आसपास कॅलरी होतात. प्यायलेलं पोटाला चावून खाल्लेल्याएवढं जाणवत नाही, म्हणून बारकुड्यांना पातळ पदार्थ फार कामाचे. जेवणात वरून एक मोठा चमचा तेल, म्हणजे साधारण १२० कॅलरी, आणि ताट तेवढंच दिसतं. एका ग्रॅम स्निग्ध पदार्थात ९ कॅलरी, प्रथिनांत आणि कर्बोदकांत ४. ज्याची भूक लहान त्याने ही ९ ची वाट धरावी. पण शेंगदाणे, बदाम, तीळ, तेल, दूध यांतून, तळणातून आणि गोडातून नाही. बारीक माणसाचीही साखर वाढते आणि कोलेस्टेरॉलही. अंगावर मांस नाही म्हणून आत सगळं आलबेल, असं नसतं.

भूक लागली की खायचं, हे आमच्यासाठी नाही. भूक आम्हाला फसवते. मी फोनवर गजर लावले, आणि गजर वाजला की भूक असो-नसो, काहीतरी तोंडात. पिशवीत दाण्यांची डबी कायमची. चुकलेलं जेवण रात्री भरून काढता येत नाही, पोट तुंबतं आणि दुसरी सकाळ जाते. जादा किती? गरजेपेक्षा रोज तीनशे ते पाचशे कॅलरी. मी उत्साहात एक आठवडा हजाराने वाढवून बघितलं. जुलाब झाले आणि पाऊण किलो उतरलं.

तरी नव्या हिशेबाने चालू लागल्यावरही तीन आठवडे काटा हलला नाही. चौथ्या आठवड्याची सरासरी आली ५४.९. एवढ्याशा आकड्यासाठी मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला मिठी मारली. ती म्हणाली, "आता ताक सांडेल."

त्यानंतर महिन्याला पाऊण ते एक किलो असं चढत गेलं, मध्ये एकदा ताप येऊन दीड किलो खर्ची पडलं ते धरून. आता ६० आहे.

व्यायामाबद्दल लिहायचं राहिलं, कारण तिथे माझं काही अडलं नाही. 'आधीच हडकुळा, त्यात व्यायाम करून आणखी वाळशील' हे सगळे म्हणतात. ऐकू नका. वजनं उचलली नाहीत तर जादा खाल्लेलं बरंचसं चरबी होऊन पोटावर बसतं, आणि बारीक हातपाय नि पुढे पोट यासारखं ध्यान नाही. स्क्वॉट (वजन घेऊन उठाबशा), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), दंड, ओढण्याचे प्रकार, आठवड्यातून तीनदा, आणि दर थोड्या दिवसांनी वजन जरा वाढवत न्यायचं. प्रथिनं शरीराच्या एका किलोमागे साधारण दीड ग्रॅम. त्याहून फार जास्त घेऊन फायदा नाही, उलट आमच्यासारख्यांचं पोट प्रथिनांनीच भरून बाकीचं राहतं.

आणि पावडरी. अडकलेल्या त्या सात आठवड्यांत एका ओळखीच्याने मला एक डबा आणून दिला. 'महिन्यात पाच किलो, गॅरंटी.' डब्यावर आत काय आहे ते लिहिलेलंच नव्हतं. मी दोन दिवस घेतली, मग झोप अनावर व्हायला लागली म्हणून डॉक्टरांना दाखवली. त्यांनी तिथल्या तिथे बंद करायला लावली. असल्या बिननावाच्या औषधांत भूक वाढवणारं सायप्रोहेप्टाडीन, नाहीतर सरळ डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. वजन वाढतं खरं, चेहरा गोल होतो, साखर चढते. आणि महिनोन्महिने घेऊन स्टेरॉइड एकदम सोडलं तर जिवावर बेततं, म्हणून कोणी बरेच दिवस घेत असेल तर मनाने बंद न करता आधी डॉक्टरांना सांगावं. तो ओळखीचा अजून विचारतो, "काय रे, डबा संपला का?"

जेवणाआधी तांब्याभर पाणी पिऊ नका, हेही राहिलं सांगायचं. तेवढ्याने दोन घास कमी जातात.

फॉर्मच्या कोऱ्या प्रती बाईंनी पुढच्यासाठी म्हणून आणखी दिल्या होत्या. दर दोन महिन्यांनी तीन दिवस भरतो. अजून चीड येते. मागच्या खेपेला पुन्हा एक दुपार रिकामी निघाली, आणि मी शपथेवर सांगितलं असतं की त्या दिवशी मी जेवलो होतो.