रात्री नऊनंतरची ओळ

ताई काट्यावर चढायला तयार नव्हत्या. चपला काढल्या, पर्स खुर्चीवर ठेवली, पुन्हा उचलली. “आज राहू द्या ना मॅडम,” म्हणाल्या. जानेवारी २०२५ मधला सोमवार होता, बाहेर बाकावर पेशंट खोळंबले होते आणि मी घाईत होते. “त्याशिवाय कळणार कसं, ताई?” मी म्हटलं. त्या चढल्या. ७५ किलो ४००. नोव्हेंबरात पहिल्यांदा आल्या तेव्हा ७२ भरल्या होत्या.

मी लातूरला एका खासगी दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. ट्यूशन एरिया, म्हणजे क्लासेसचा भाग, जवळच आहे, त्यामुळे ‘नीट’ या मेडिकल प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी लेकरांना घेऊन खोली करून राहणाऱ्या आया माझ्याकडे बऱ्याच येतात. गावाकडे शेत, सासू-सासरे, नवरा. इथे एक खोली, गॅस, पलंग, मुलाचं टेबल. दोन वर्षं असंच. या ताई परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेल्या, वय त्रेचाळीस. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

उंची १५३ सेंटिमीटर, कमरेचा घेर ९६. आपल्याकडच्या बायकांमध्ये कंबर ८० च्या पुढे गेली की धोका वाढतो असं आम्ही धरतो. यांची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.१ टक्के आली होती. ६.५ पासून मधुमेह म्हणतात, म्हणजे ताई उंबरठ्यावर होत्या. त्यांची आई मधुमेहानंच गेली. म्हणून वजन उतरवायचंच असं ठरवून त्या स्वतःहून आल्या होत्या, कुणी पाठवलं नव्हतं. हे सगळं माहीत असून मी त्या दिवशी म्हणाले, “ताई, कागदाप्रमाणे खाल्लं असतं तर वाढलं नसतं.”

त्या काही बोलल्या नाहीत. पर्समधून चार घड्यांचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. माझाच कागद, माझ्याच अक्षरातला. कोपऱ्यांना चिकटपट्टी, मध्ये तेलाचे डाग. शेवटची ओळ मी लाल पेनानं अधोरेखित केली होती : रात्री ९ नंतर काहीही खाऊ नये.

“हा कपाटावर लावलाय मॅडम. रोज ह्याच्याखालीच बसून खायलेय.”

आणि मग त्या रडल्या. हुंदका आत ओढत, बाहेरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून पदर तोंडाशी धरून. मी उठून दार लावलं आणि बाहेरच्या सिस्टरना सांगितलं की पुढच्यांना थोडं थांबायला सांगा. नोव्हेंबरात मी या बाईंना बारा मिनिटं दिली होती, त्यातली दहा मीच बोलले होते.

“काल उठल्यापासून काय काय झालं, सगळं सांगा. खाण्याचंच नाही, सगळं,” मी म्हटलं.

पाचला उठल्या. चहा. आठच्या आत मुलाचा डबा. स्वतः सकाळी काही नाही, कारण “सकाळचं सोडलंय, वजन लवकर उतरावं म्हणून.” दुपारी एकला अर्धी भाकरी आणि पालेभाजी. संध्याकाळी चहा. रात्री साडेआठला चतकोर भाकरी, वरण. मी बाराशे कॅलरीचा आराखडा दिला होता. त्याचा अर्धाही त्या दिवसभरात खात नव्हत्या. भाकरी, भाजी, वरण हे पोटाला धरून राहणारं जेवणच कापलेलं.

रात्री दहाला नवऱ्याचा फोन. सोयाबीन अजून घरातच. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास मागत होते. क्लासच्या फीपायी दीड एकर गहाण पडलेलं. फोन ठेवला की मुलगा टेबलाशी, त्याची पाठ त्यांच्याकडे. टीव्ही लावता येत नाही, बोलता येत नाही, त्याच्याआधी झोपणं बरं वाटत नाही. साडेअकराच्या सुमाराला क्लासच्या सराव परीक्षेचे मार्क आईच्या मोबाइलवर येतात. ७२० पैकी किती, एवढंच.

“अन् मग?”

“मग डबा काढते. शेंगदाणे, गूळ. खारी. त्याच्या डब्यातलं उरलेलं. फरसाण आणलेलं असलं तर ते. लेकरू अभ्यास करायलंय अन् मी मागं बसून खायलेय. भूक नसती मॅडम. पोट गच्च असलं तरी हात थांबंना.”

मी विचारलं, त्या वेळी मनात काय चाललेलं असतं? मला वाटलं, त्या म्हणतील चिंता, भीती, पैशाचं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या.

“खाल्लं की तोंड बंद राहतं. नाहीतर मी त्याला काहीतरी बोलून बसंल. मार्क कमी आलेले असतेत, गहाण ठेवलेल्या रानाचं आठवतं, अन् जिभेवर येतं. त्या लेकराचा काय दोष? म्हणून तोंडात घास घालते.”

अकरा वर्षं मी हे काम करतेय. ताणात माणूस जास्त खातो, हे शिकले होते, शिकवतही होते. ताण लांबला की शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलेलं राहतं आणि गोड-तेलकटाची ओढ लागते. झोप पाच तासांवर आली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन कमी पडतं. खरी भूक हळूहळू चढते, तिला शिळी भाकरीही चालते. ही दुसरी भूक एकदम येते, ठरावीक डबा मागते आणि पोट भरल्यावरही उठत नाही. हे सगळं बरोबरच आहे. पण लेकराला टोचून बोलू नये म्हणून एखादी आई शेंगदाणे तोंडात कोंबत असेल, हे मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं, आणि मी कधी कुणाला विचारलंही नव्हतं. अशा बाईला मी लाल रेघ मारून सांगितलं होतं, काहीही खाऊ नये.

काही गोष्टी स्पष्ट विचारणं भाग होतं. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढता का? नाही. कुणाला दिसू नये म्हणून लपवून खाता का? कधीकधी. आठवड्यात किती रात्री? पाच तरी. हे ऐकून मी त्यांना मनोविकार डॉक्टरांकडे एकदा जाऊन यायला सांगितलं. त्या दचकल्या. मग टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून दिला. सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, कोणत्याही वेळी लावता येतो. तो त्यांनी पर्समध्ये नीट ठेवला.

मग नवा कागद. सकाळी आठला, डबा भरतानाच, स्वतःचंही ताट : एक ज्वारीची भाकरी, मटकीची नाहीतर हरभऱ्याची उसळ. वाटलं तर एखाद्या दिवशी मुरमुऱ्यांचा सुशीला, पण सोबत वाटीभर दही. दुपारी पूर्ण जेवण. पाच वाजता मूठभर फुटाणे. सकाळ उपाशी काढली की शरीर ती उधारी रात्री वसूल करतं. हे त्यांना लगेच पटलं, उधारी त्यांना चांगलीच ठाऊक होती. मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम शेंगदाण्यांत जवळपास १७० कॅलरी असतात. त्या तीन मुठी आणि गुळाचा खडा खात होत्या, वर खारी. मी शेंगदाणे बंद केले नाहीत. साडेअकराला वाटीत काढून वीस शेंगदाणे आणि पेलाभर ताक, असं लिहूनच दिलं. डबा मात्र गॅसच्या वरच्या फळीवर. जुन्या कागदावरची लाल ओळ मी त्यांच्यासमोर खोडली.

मार्कांचं काय करायचं, हे आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. मुलानं सकाळी स्वतः बघायचे, आईनं रात्री मोबाइल बंद करायचा. त्याला हे सांगायला त्यांना चार दिवस लागले. तो “बरं” म्हणाला आणि पुस्तकात बघत राहिला, असं त्यांनी नंतर सांगितलं. शेजारच्या खोलीतल्या बाईंबरोबर जेवणानंतर गल्लीत अर्धा तास चालायलाही लागल्या. त्या बाईही रात्री डबा काढतात, हे तिथेच कळलं.

मार्चमध्ये आल्या तेव्हा वजन ७४ किलो १०० होतं. आठ-नऊ आठवड्यांत किलो-सव्वा किलो. मला ते चांगलं वाटलं, त्यांना कमी वाटलं. आठवड्यातल्या पाच रात्रींच्या दोन झाल्या होत्या. डॉक्टरांकडे गेल्या नव्हत्या, १४४१६ ला मात्र एकदा फोन लावला होता. “पोरगी होती बोलायला. मधी बोलली नाही, ऐकून घेतलं तिनं,” एवढंच म्हणाल्या.

मुलाच्या जुन्या फिजिक्सच्या वहीची मागची पानं त्यांनी मला दाखवली. रोजची वेळ, काय खाल्लं, आधी काय झालं. एका पानावर होतं : “११.५०. मोबाइल उघडला. ३९४. खारी ६. त्याला काही बोलले नाही.” दुसऱ्या दिवशी : “ताक. झोपले.”

नीटचा पेपर ४ मे ला होता. पुढची तारीख द्यायला कॅलेंडर उघडलं तर ताई म्हणाल्या, “पेपर झाल्यावर येते ना मॅडम, ६ मे ला. आता त्याचंच बघू दे.” मी १४ एप्रिलच्या आठवड्यातला गुरुवार लिहिला आणि कागद त्यांच्या हातात दिला.