आमची वाटचाल : माळ्यावरच्या निळ्या वॉकमनपासून

अण्णांनी सोलापुरात नव्या पेठेमागच्या बोळात रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा निम्मं गिऱ्हाईक पूर्व भागातलं होतं. यंत्रमागांच्या खडखडाटात गाणी ऐकू यावीत म्हणून कारखान्यात टेप मोठ्याने लावलेला असायचा. तो उघडला की आत टॉवेलच्या सुताचं तूस, चाकांभोवती घट्ट गुंडाळलेलं. अण्णा ब्रशने ते झाडायचे, स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसायचे. स्क्रू वाटीत सांभाळून ठेवायचं काम माझं. पुढे सीडी आली, मोबाइल आला आणि दुकान मिक्सर-पंख्यांवर तगलं.

२०१४ साली ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ आला. त्यातल्या नायकाजवळ आईने दिलेली गाण्यांची कॅसेट आहे आणि निळा-चंदेरी वॉकमन आहे, सोनीचा टीपीएस-एल२. वॉकमनमधला हा अगदी पहिला. १ जुलै १९७९ ला जपानमध्ये ३३,००० येनला विक्रीला आलेला. चित्रपटानंतर जगभर त्याची मागणी वाढली आणि आमच्याकडेही कॉलेजची मुलं विचारत यायला लागली, “तसला निळा वॉकमन मिळेल का?”

इथे माझं चुकलं. दुकानात नंतरच्या काळातला एक साधा वॉकमन पडून होता. चित्रपटाचं नाव ठळक टाकून मी तो ऑनलाइन विकायला ठेवला. एका दिवसात गेला आणि आठवड्यात परत आला. “हा तो नाही,” एवढंच त्या मुलाने लिहिलं होतं. अण्णांनी मला समोर बसवून त्याचे पैसे परत पाठवायला लावले.

त्यानंतर माळा आवरताना खरा टीपीएस-एल२ सापडला. आखातात नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांनी दुरुस्तीला टाकलेला, न्यायला कुणी आलंच नव्हतं. वर अण्णांच्या अक्षरात चिठ्ठी : ‘बेल्ट गेला’. मी किमती बघत बसले होते. अण्णा म्हणाले, “पावती फाडलीय आपण. वस्तू त्यांची आहे.” जुन्या वहीतल्या पत्त्यावर गेलो, तर ते गृहस्थ वारलेले. मुलाला वडिलांचा वॉकमन आठवत होता.

आतली चाकं फिरवणारा रबरी बेल्ट विरघळून काकवीसारखा झाला होता. टूथपिक आणि स्पिरिटने तो काढण्यातच दोन दिवस गेले. नवा बेल्ट चढवला, मग मोटरची गती लावली. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकायला हवी. जास्त झाली की गाणाऱ्याचा आवाज पातळ होतो, कमी झाली की जड. चाचणीच्या कॅसेटवर गती जुळली तरी अण्णांनी एक भजन लावून कानाने खात्री केली.

या वॉकमनला हेडफोनसाठी दोन सॉकेट आहेत आणि वर एक नारिंगी बटण. दोघांनी एकत्र ऐकायचं; बोलायचं असेल तर बटण दाबायचं, गाणं हळू होतं आणि मायक्रोफोनमधून समोरच्याचा आवाज कानात येतो. मालक न्यायला आले तेव्हा एक हेडफोन त्यांनी लावला, एक अण्णांनी. त्यांनी बटण दाबलं आणि म्हणाले, “वडील असंच बोलायचे माझ्याशी.” त्यांच्या परवानगीने मी तो व्हिडिओ टाकला. त्या एका व्हिडिओवर पुण्या-मुंबईहून दुरुस्तीची कामं आली. आजही नवं गिऱ्हाईक त्याचंच नाव काढतं.

आता जाहिरात लिहिताना मॉडेलचा नंबर आधी येतो, पण सोबत ‘जुना निळा वॉकमन’ असंही लिहिते, कारण लोक शोधतात ते तसं. कुठे ओरखडा आहे, कोणता भाग बदललाय, सगळं फोटोसह देते आणि वाजतानाचा आवाज अर्धा मिनिट ऐकवते. चित्रपटाचं नाव, मॉडेल तेच असेल तरच. सुरुवातीला दोन पार्सलं फुटली; तेव्हापासून शेजारच्या कारखान्यातल्या टेरी टॉवेलच्या तुकड्यांत सेट गुंडाळतो. गिऱ्हाइकांना ते फार आवडतं, काहीजण ते तुकडे जपून ठेवतात.

तुमच्या घरी असा सेट पडून असेल तर आज त्यातले सेल काढा. सेल गळून पट्ट्या खाल्ल्या गेल्या की आमचं काम बेल्टपेक्षा कितीतरी अवघड होतं. आणि आमच्याकडे घेऊन याल तेव्हा एखादी कॅसेटही आणा, घरातलीच, तुमच्या ओळखीच्या आवाजाची.