चष्म्याची डबी

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या दोन शर्टांचे खिसे उसवले. दोन्ही एकाच जागी, जिथे मनूची मूठ बसायची.

मनू तेव्हा पावणेतीन वर्षांची. बायको बँकेत, तिला वेळेत खुर्चीत बसावं लागतं. माझं मिरजेतलं चष्म्याचं दुकान साडेदहाला उघडलं तरी कुणाचं अडत नाही. म्हणून शाळेत सोडायचं काम माझ्याकडे. स्कूटरवर पुढे उभी राहून वाटभर बडबड चालायची. शाळेचं हिरवं फाटक दिसलं की गप्प. उतरवून घेतलं की एका मुठीत खिसा, दुसरीत कॉलर.

पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "मी तिला खेळण्यात गुंतवते, तुम्ही हळूच निघून जा." मी सटकलो. खोटं कशाला बोलू, हायसं वाटलं. दुपारी आणायला गेलो तर रडून रडून पोरीचा आवाज बसलेला. खरा तमाशा घरी आल्यावर. मी बाथरूममध्ये गेलो तरी दारावर धडका. रात्री झोपेतून उठून चाचपून बघायची, बाबा आहे ना. चार दिवस हेच.

शेवटी आईला फोन केला. आई तासगाव तालुक्यात बावीस वर्षं अंगणवाडी सेविका होती.

"अरे, चोरासारखा पळालास कशाला? आता ती तुझ्यावर पहारा ठेवणारच. रडली तर रडू दे, पण सांगून जा. 'आत्ता येतो' म्हणू नकोस. डबा खाल्ला, गाणी झाली, की बाबा येणार, असं सांग. आणि तेव्हा फाटकात हजर राहा, दुकानात कितीही गिऱ्हाईक असू दे."

मग तिची ठरलेली गोष्ट. ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं. पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. "आणि तुम्ही पोरीला एकदम फाटकाआड टाकता, वर म्हणता रडू नको."

मुलांच्या डॉक्टरांनाही विचारलं. साधारण आठव्या महिन्यात बाळाला कळू लागतं, की नजरेआड गेलेलं माणूस कुठेतरी असतं. ते परत येईल याची मात्र खात्री नसते. दीड वर्षापर्यंत जोर, तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेकांचं ओसरतं. पण नवी शाळा, नवं भावंड, आजारपण आलं की पुन्हा उसळतं. महिना उलटूनही असंच राहिलं, रोज सकाळी पोट दुखायला लागलं, झोप उडाली, तर घेऊन या म्हणाले.

डबी मात्र कुणी सुचवली नाही. पाचव्या दिवशी मनूनेच माझ्या पिशवीतून चष्म्याची रिकामी डबी ओढून काढली. आम्ही डझनाने आणतो त्यातलीच, काळी, कडेला पोचा आलेली, मिटताना टक् वाजणारी.

"ही बाबाची?"

"हो. सांभाळून ठेव. डबा, गाणी, मग मी न्यायला येतो."

तिने काय हिशेब केला तो तिलाच ठाऊक. बहुधा, डबी इथे आहे म्हणजे बाबाला यावंच लागणार. रडली, पण मूठ डबीवर होती, खिशावर नव्हती. मी निरोप घेऊन बाहेर आलो आणि भिंतीआड घड्याळ लावून उभा राहिलो. अकरा मिनिटं. पुढच्या बुधवारी सात, शुक्रवारी तीन, आणि मग आतून टक्, टक्. सोमवारी पुन्हा नऊ. रविवारनंतरचं रडणं वेगळंच असतं.

रोज दुपारी डबी परत मिळायची. आत कधी शितं, कधी खडूचा तुकडा, एकदा जिवंत मुंगळा.

परवा घाईत एका आजोबांना नवा चष्मा त्याच डबीतून दिला. ती उघडल्यावर अर्धं पारले बिस्कीट निघालं. आजोबांनी बिस्कीट परत दिलं, डबी ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी मनूला तशीच कोरी डबी दिली. तिने कानाशी धरून एकदा टक् केलं आणि माझ्या हातात ठेवली.

"ही बाबाची नाही."

संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं आणि नवी डबी घेऊन आजोबांचं घर शोधत निघालो.