नवी डिस्क, जुनं दुखणं

"डिस्क मी घेऊन आलोय. तुम्ही फक्त ती बसवा आणि फ्रेश विंडोज मारून द्या."

समोरचे गृहस्थ इमारतींचे नकाशे काढणारे. बोलणं मोजूनमापून, हातात नव्या एसएसडीचं, म्हणजे चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कचं, न फोडलेलं खोकं. लॅपटॉप दिसायला ठाकठीक होता, तक्रारींची यादी मात्र लांबलचक. मध्येच निळा स्क्रीन येतो, मोठं ड्रॉइंग सेव्ह करताना प्रोग्राम बंद पडतो, काही फाइली तर उघडायलाच तयार नाहीत. आधी एके ठिकाणी दाखवला होता. तिथे विंडोज दुरुस्त करून दिलं, थोडे दिवस बरं चाललं, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. शेवटी तिथूनच "हार्डडिस्क गेलीय, बदलून टाका" असा निकाल मिळाला होता.

लॅपटॉप दुरुस्तीच्या टेबलावर निदान आधीच करून आलेली गिऱ्हाइकं नवी नाहीत. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. पण डिस्क काढण्याआधी तिची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, बघायची, हा माझा नेम आहे. दोन मिनिटांचं काम. या जुन्या एनव्हीएमई (वेगवान एसएसडीचा एक प्रकार) डिस्कवर उपलब्ध राखीव जागा १०० टक्के, वापरलेलं आयुष्य एक आकडी टक्क्यांत, मीडिया आणि डेटा इंटिग्रिटी एरर शून्य. 'अनसेफ शटडाउन'चा आकडा तेवढा फुगलेला. म्हणजे मशीन पुन्हा पुन्हा बंद पडत होतं, पण डिस्क स्वतःबद्दल तक्रार करत नव्हती. एसएसडी कधीकधी काही न सांगता जागच्या जागी मरते हे खरं, पण मेलेली एसएसडी सहसा दिसतच नाही. ही दिसत होती आणि भराभर वाचूनही होत होती.

"निळ्या स्क्रीनवर काय लिहून येतं, बघितलंत का सर?"

त्यांनी मोबाइल पुढे केला. प्रत्येक वेळचा फोटो तारखेनिशी काढून ठेवलेला. असं गिऱ्हाईक नशिबानेच मिळतं. फोटोंत दरवेळी नाव वेगळं: मेमरी मॅनेजमेंट, आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. बिघडलेल्या ड्रायव्हरनेही असं होतं, त्यामुळे एवढ्यावरून बोट ठेवता येत नाही. मी त्यांना सांगितलं की डिस्कची तब्येत मला चांगली दिसतेय, दुखणं दुसरीकडे असू शकतं. ते म्हणाले, "असू दे. नवी तशीही मोठी आहे, कामाला येईल. आणि जुनी बाहेर निघाली की तिच्यावरचं काम तरी सुरक्षित राहील." हा मुद्दा मला पटला. नव्या डिस्कवर कोरं विंडोज टाकलं की जुने ड्रायव्हर, जुना कचरा, सगळा संशय एका फटक्यात बाद होतो. त्यानंतरही त्रास राहिला तर तो यंत्राचाच.

खालचं कव्हर उघडणं, आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवणं, मग एम.२ चा, म्हणजे डिस्क बसते त्या जागेचा, एकुलता स्क्रू काढणं, यात सांगण्यासारखं काही नाही. खरी सुरुवात पेनड्राइव्हवरून बूट केल्यावर झाली. सेटअपने पहिल्याच टप्प्यावर सांगितलं की एकही ड्राइव्ह सापडत नाही. माझ्याकडे काम शिकणाऱ्या पोराचा चेहरा पडला. "दादा, नवी डिस्कच डेड आली की काय?"

तसं नव्हतं. इंटेलच्या ११व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची सोय चालू असते. एनव्हीएमई डिस्क त्या कंट्रोलरच्या आडून दिसते आणि विंडोजच्या सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर असेलच असं नाही. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन व्हीएमडी बंद केलं की डिस्क दिसते, म्हणून घाईत सगळे तेच करतात. मी शक्यतो करत नाही. उद्या जुनी डिस्क परत लावून बघायची वेळ आली, तर व्हीएमडी चालू असताना टाकलेलं तिच्यावरचं विंडोज बूट होताना अडखळू शकतं. त्यापेक्षा त्या कंट्रोलरसाठीचा इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर मोकळा करून पेनड्राइव्हवर एका फोल्डरात ठेवावा आणि 'लोड ड्रायव्हर' दाबून तो दाखवावा. डिस्क लगेच यादीत आली. पूर्ण कोरी होती, म्हणून पार्टिशन करायच्या भानगडीत न पडता 'अनअलोकेटेड' जागेवरच नेक्स्ट दाबलं. ईएफआय, एमएसआर, रिकव्हरी वगैरे लागणारी पार्टिशन विंडोज आपलं आपण पाडून घेतं.

फाइली कॉपी होऊ लागल्या. ३८ टक्क्यांवर थांबल्या. आवश्यक फाइली इन्स्टॉल करता येत नाहीत, फाइल खराब आहे किंवा सापडत नाही, असा संदेश आणि खाली तो शेवटी ५७० असलेला नेहमीचा कोड.

या कोडवर सगळीकडे एकच औषध सांगतात: पेनड्राइव्ह बदला. पोराने बदलला. या वेळी गाडी ७१ वर अडली. पोर्ट बदलला, तर १२ वरच मान टाकली. पोरगा आता आयएसओ, म्हणजे विंडोज टाकायची मूळ फाइल, नव्याने उतरवून घ्यायला निघाला होता. मी त्याला थांबवलं, कारण मला ते आकडे बोलके वाटले. पेनड्राइव्हवरची फाइल खरंच खराब असती तर गाडी दरवेळी त्याच फाइलवर, म्हणजे साधारण त्याच टक्क्यावर अडली असती. डिस्कचा एखादा भाग खराब असता तरी तिथे पोचल्यावरच अडली असती. इथे जागा दरवेळी बदलत होती. दोष असा सरकता दिसला की डिस्क सोडून दुसरीकडे बघायला लागावं.

खात्री करायला मी एक जुनाच प्रयोग केला. मायक्रोसॉफ्ट विंडोज ११च्या आयएसओसोबत तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलमधून काढलेला ठशासारखा आकडा, जाहीर करतं. फाइलमधला एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी हा हॅश ओळखू येणार नाही इतका बदलतो. ती आयएसओ एका वेगळ्या पेनड्राइव्हवर टाकली आणि टेबलावरच्या आमच्या मशीनवर तिचा हॅश काढला. अक्षर न् अक्षर जुळला. मग तोच पेनड्राइव्ह त्या लॅपटॉपला लावला, दुसऱ्या पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स (आतल्या डिस्कशिवाय चालणारी सिस्टिम) चालू केलं आणि पुन्हा हॅश काढला. जुळला नाही. पेनड्राइव्ह काढून परत लावला, म्हणजे आधी वाचलेली प्रत मेमरीतून निघून जाते, आणि पुन्हा काढला. या वेळचा हॅश जाहीर केलेल्याशी जुळत नव्हताच, मघाच्याशीही जुळत नव्हता. तीच फाइल, तोच पेनड्राइव्ह, तोच लॅपटॉप आणि दर वेळी वेगळं उत्तर. आतली डिस्क या प्रयोगात कुठे आलीच नव्हती. पोरगा स्क्रीनकडे बघत म्हणाला, "म्हणजे हा वाचतोच चुकीचं?"

वाचत बरोबर होता, वाचलेलं लक्षात ठेवताना चुकत होता. हे त्याला नीट समजावलं, कारण या धंद्यात हे कळायला अनेकांना वर्षं लागतात. एसएसडी साठवलेल्या प्रत्येक तुकड्याबरोबर चूक दुरुस्त करणारे जादा बिट ठेवते. यूएसबी आणि पीसीआय एक्सप्रेसवरून जाणाऱ्या माहितीलाही सीआरसीची, म्हणजे चूक पकडणाऱ्या पडताळणी-आकड्याची, तपासणी असते. मध्ये बसलेल्या या लॅपटॉपच्या साध्या रॅमला मात्र असं काहीच नाही. चूक दुरुस्त करणारी ईसीसी रॅम असते ती सर्व्हरमध्ये आणि काही महागड्या वर्कस्टेशनमध्ये. सांगणारा बरोबर सांगतोय, लिहून घेणाराही बरोबर लिहून घेतोय, फक्त मधला निरोप्या शब्द बदलतोय, आणि निरोप्याला जाब विचारणारं कुणी नाही. डिस्कपर्यंत चुकीची माहिती पोचली की डिस्क ती इमानेइतबारे, योग्य तपासणी-बिटांसकट जपून ठेवते. म्हणून तर स्मार्टमध्ये सगळं आलबेल दिसत होतं.

रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ लावलं. पहिल्या काही चाचण्या निमूट पार पडल्या. ही वेळ फसवी असते, कारण पुष्कळ जण इथेच 'रॅम ठीक आहे' म्हणून उठतात. थोड्या वेळाने लाल ओळी उमटायला लागल्या. एकेका ओळीत पत्ता, अपेक्षित किंमत आणि मिळालेली किंमत. अपेक्षित सगळे एफ, मिळालेल्यात एका एफच्या जागी डी. हे हेक्साडेसिमल अंक; बिटांत एफ म्हणजे ११११ आणि डी म्हणजे ११०१. फक्त एक बिट. पुढच्या ओळींमध्ये पत्ते जवळपासचे आणि पडलेला बिट तोच. साध्या ईमेलला ही जागा कधी वापरात येतही नसेल. मोठं ड्रॉइंग उघडलं, मेमरी भरत गेली, की तिथे पाय पडायचा. आणि विंडोजचं सेटअप तर अनेक गीगाबाइट फाइली उलगडत मेमरीतून नेतं, त्याला टाळता येणारच नव्हतं.

लॅपटॉपमध्ये ८ जीबीच्या दोन डीडीआर४ पट्ट्या होत्या, सुट्या, हे आणखी एक नशीब. बोर्डावर सोल्डर केलेली रॅम असती तर गोष्ट मदरबोर्डापर्यंत गेली असती. पोराने लगेच खोडरबर काढला. पट्टीचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासले की निम्मे बिघाड पळतात, यावर आमच्या धंद्याची फार श्रद्धा, आणि ती अगदीच निराधार नाही. इथे उपयोग झाला नाही. मग एकेक पट्टी एकेकटी लावून पाहिली. एक स्वच्छ निघाली, दुसरी लाल. जागांची अदलाबदल केली, तर लाल ओळी पट्टीबरोबर दुसऱ्या स्लॉटमध्ये गेल्या. म्हणजे स्लॉट निर्दोष आणि पट्टीच वाईट.

चांगली पट्टी एकटी ठेवून सेटअप पुन्हा सुरू केलं. आधीचे अर्धवट पार्टिशन सगळे पुसले, कारण त्या रॅममधून गेलेला एकही बाइट मला नव्या डिस्कवर नको होता. या वेळी १०० टक्के, एका दमात. वायफायचा ड्रायव्हर नव्हता आणि विंडोज ११ पहिल्या सेटअपलाच इंटरनेट मागतं, म्हणून मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंगवर पुढे गेलो. लायसन्ससाठी काही टाइप करावं लागलं नाही. लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोजची की बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये असते आणि सेटअप ती तिथून उचलतं, त्यामुळे डिस्क बदलल्याने काही अडत नाही.

ते संध्याकाळी आले तेव्हा मी मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो दाखवला. त्यांनी तो झूम करून बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "म्हणजे माझी जुनी डिस्क चांगली आहे?"

"डिस्क चांगली आहे. तिच्यावर लिहिलेलं सगळं चांगलं आहे का, ते बघावं लागेल."

जुनी डिस्क बाहेरच्या एन्क्लोजरमध्ये घालून जोडली. विंडोजने ४८ अंकी बिटलॉकर रिकव्हरी की, म्हणजे कुलूपबंद डिस्क उघडायची चावी, मागितली. आपल्या डिस्कवर बिटलॉकर चालू आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की अनेक लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. सुदैवाने की त्याच खात्यात सापडली. फाइली दिसल्या. आणि मग हळूहळू नुकसानीचा नकाशा उलगडत गेला. जुनी, कित्येक महिने न उघडलेली ड्रॉइंगं सगळी धडधाकट होती. अलीकडे उघडून पुन्हा सेव्ह केलेल्यांपैकी काहींवर 'ड्रॉइंग फाइल वैध नाही' असा संदेश आला. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काळजी दिसली. "पण माझा बॅकअप आहे ना, दर आठवड्याचा."

बॅकअपची बाहेरची डिस्क त्यांच्या पिशवीतच होती. बिघडलेल्या फाइली तिच्यावरही बिघडलेल्याच निघाल्या. वर, मूळ जागी नीट उघडणारी एक फाइल बॅकअपवर मात्र उघडेना. बॅकअपही त्याच लॅपटॉपने, त्याच रॅममधून नेऊन घेतलेला होता. हे सांगताना मला जड गेलं. एवढी शिस्त पाळणाऱ्या माणसाला असं सांगावं लागू नये.

सुटका दोन वाटांनी झाली. त्यांचा नकाशे काढायचा प्रोग्राम ऑटोकॅड सेव्ह करताना आधीची आवृत्ती बॅक या एक्स्टेन्शनने बाजूला ठेवतं. तिचं एक्स्टेन्शन बदलून डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या ड्रॉइंगचं) केलं की ती उघडते, आणि बऱ्याच ठिकाणी ती शाबूत होती. दुसरी वाट त्यांच्या मेलमधली. ग्राहकांना पाठवलेली ड्रॉइंगं झिप करून जोडलेली असायची, आणि झिपमध्ये प्रत्येक फाइलचा सीआरसी असतो. टेस्ट चालवली की निदान झिप झाल्यापासून फाइल बदललेली नाही हे लगेच कळतं. मी त्यांना सांगितलं की जुन्या डिस्कवर काहीही लिहू नका, पुसू तर मुळीच नका, आणि नव्या डिस्कवर आणाल ती प्रत्येक फाइल आधी उघडून बघा. ऑटोकॅडची फाइल दुरुस्त करायची रिकव्हर कमांड सगळ्यात शेवटी, आणि तीही प्रतीवर.

वाईट पट्टीच्या जागी नवी पट्टी आली, दोन्ही मिळून मेमटेस्टचे सगळे फेरे रात्रभर चालू ठेवले, एकही लाल ओळ नाही. एका जिन्याचं ड्रॉइंग मात्र शेवटपर्यंत हाती लागलं नाही. त्याची बॅक फाइलही गेलेली आणि मेलही कधी झालेला नव्हता. छापलेली एक प्रत साइटवर होती, तिच्यावरून मापं घेऊन त्यांनी ते नव्याने काढायला घेतलं.