बाणकोटच्या मुखाशी उमटलेली सरळ रेघ

मुंबई ते बाणकोट या शिडाच्या बोटीच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. खांदेरीचं दीपगृह मागे पडलं, मग रात्रभर डोल जाळ्यांचे खुंट आणि बोये चुकवणं, आणि डिझेलच्या वासात लागलेली अर्धवट झोप. खरा वैताग सुरू झाला तो सावित्रीच्या मुखाशी.

तिथे शिडं उतरवायची, इंजिन लावायचं आणि वाळूच्या पट्ट्याला वळसा घालून खाडीत शिरायचं. पावसाळ्यात ही वाळू सरकते, त्यामुळे नकाशातल्या आकड्यांवर विसंबता येत नाही. आत येताना नोंदवलेली वाटच बाहेर पडताना कामाला येते. पण स्टार्टर फिरला रे फिरला की नोंद बंद! स्टार्टर क्षणभर शंभर-दोनशे अँपिअर ओढतो, बॅटरी १२ व्होल्टवरून ९ च्याही खाली येते, संगणकाला वीज पुरवणारा स्वस्तातला कन्व्हर्टर मान टाकतो आणि वाट नोंदवणारा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक पहिल्यापासून सुरू होतो. तो उठून ओपनसीपीएन हे नकाशाचं सॉफ्टवेअर उघडेपर्यंत आणि जीपीएसला उपग्रह सापडेपर्यंत दोन मिनिटं जातात. ४ नॉटच्या वेगाने दोन मिनिटं म्हणजे जवळजवळ २५० मीटर. तोवर पट्टा पार झालेला असतो.

याहून वाईट गोष्ट संध्याकाळी कळते. आधीची आणि नंतरची जीपीएक्स फाइल (जीपीएसने नोंदवलेल्या वाटेची) एकाच 'ट्रॅक सेगमेंट'मध्ये, म्हणजे वाटेच्या सलग तुकड्यात, जोडली की मधल्या खिंडारावर सरळ रेघ ओढली जाते. बोट वळसा घालून आलेली, पण पडद्यावर ती थेट वाळूवरून गेलेली दिसते. अशी फाइल कुणाला दिली तर तो बिनदिक्कत त्या रेघेवरून जाईल. म्हणून जोडताना लागोपाठच्या दोन बिंदूंच्या वेळा ताडून पाहाव्यात. दर सेकंदाला नोंद होत असेल आणि मध्ये १० सेकंदांहून जास्त अंतर पडलं असेल, तर तिथे नवा सेगमेंट सुरू करावा. खिंडार हे खिंडारच दिसलं पाहिजे.

मुळावरचा इलाज म्हणजे स्टार्टरची बॅटरी वेगळी ठेवणं. जागा नसेल तर ७ अँपिअर-अवरची छोटी बॅटरी शॉटकी डायोडमागे लावून संगणक आणि जीपीएस तिच्यावर चालवावेत; डायोडमुळे तिचा करंट स्टार्टरकडे उलटा जात नाही. लिहिता लिहिता वीज गेली की मेमरी कार्डही बिघडतं, ते वेगळंच. हे सगळं बसवणाऱ्या कारागिराला ठाऊक असायला हवं, पण त्याला स्टीरिओची वायर लपवण्यात जास्त रस होता.

जीपीएक्समध्ये खोलीसाठी ठरलेला रकाना नाही. त्यामुळे वाटेबरोबर एनएमईएची कच्ची वाक्यंही, म्हणजे बोटीवरची उपकरणं एकमेकांना पाठवतात तो मजकूरही, साठवावीत. ओपनसीपीएनचं व्हीडीआर प्लगइन ते काम करतं. ४८०० बॉड (मजकूर पाठवण्याचा वेग) असलेली एक तार पूर्ण भरून वाहिली तरी दिवसाला ४० एमबीच्या आसपास मजकूर होतो, तेव्हा कंजुषी नको. पण खोलीचा आकडा कुठून मोजलाय हे फाइलच्या नावातच लिहावं. बाणकोटला पडदा १.९ मीटर दाखवत होता, तो सेन्सरखालचा. सेन्सर पाण्याखाली ०.४ मीटर, म्हणजे पाणी २.३ मीटर. बोटीचा तळ १.२ मीटर खाली, म्हणजे तळाखाली १.१ उरले. भरतीची उंची २.१ मीटर होती, ती २.३ मधून वजा केली की नकाशाच्या पातळीला उरतं फक्त ०.२! ओहोटीला तिथे गुडघाभरही पाणी नसणार. भरती वजा न केलेली खोली दुसऱ्याला देऊ नये.

पुढे हर्णै. संध्याकाळच्या मासळी लिलावाच्या गर्दीत पाहुण्या बोटीला दोर बांधायला जागा नाही, सुवर्णदुर्गाच्या आडोशाला नांगर टाकून डुलत बसायचं. पाहुणचार मात्र शेजारच्या ट्रॉलरवरच्या तांडेलांनी केला: आलं घातलेला चहा आणि वहीतल्या खडकांच्या जागा. वहीत आकडे असे: १७ ४८ ५०. शेवटचे ५० म्हणजे सेकंद की मिनिटाचे शतांश? फरक २० सेकंदांचा, म्हणजे सहाशे मीटरांहून थोडा जास्त. तांडेलांना विचारलं तर म्हणाले, "मशीनवर दिसतं तसं उतरवलंय." मशीन पाहिलं, त्यावर मिनिटानंतर टिंब होतं. म्हणजे ४८.५० मिनिटं. कुणाचीही जागा उतरवून घेताना ते टिंब आधी विचारावं.

हर्णैहून पहाटे जमिनीकडून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर निघालो, तर साडेपाचला सगळ्या फायलींची तारीख बदलली. जीपीएसचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतं आणि आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे त्याचा दिवस आपल्या पहाटे उजाडतो. रोजची फाइल तारखेप्रमाणे तुटत असेल तर पहाटेचा प्रवास हमखास दोन फायलींत विभागला जातो. साठवण यूटीसीतच ठेवावी, भारतीय वेळ फक्त कागदी लॉगबुकात, आणि पहिल्याच पानावर तसं लिहून ठेवावं.

दाभोळ, जयगड आणि रत्नागिरी निवांत पार पडली. लॉगबुक दर तासाला पेन्सिलीने भरलं, कारण खाऱ्या पाण्याने शाई पसरते: वेळ, जागा, होकायंत्राची दिशा, वेग, खोली. इंजिन लावण्याच्या पाच मिनिटं आधी एक जादा नोंद, आणि पट्टा ओलांडल्यावर आणखी एक.