तुम्ही विचारलंत म्हणून: कपडे असे कळकट का?

"निसर्गातून प्रेरणा घेता म्हणता, मग कपडे असे कळकट का?" प्रदर्शनात, लग्नघरात, रिक्षातसुद्धा हेच विचारतात. नाशिकची म्हटल्यावर माझ्याकडून द्राक्षांचे घड हवे असतात, ब्रह्मगिरीवरचं धुकं हवं असतं. सुरुवातीला मी तसे पदर छापले. खपलेही. पण त्यात नाशिक नव्हतं.

आता छापत नाही, रंगवते. कापड हिरड्यात भिजवायचं, तुरटी द्यायची, मग मंजिष्ठेच्या मुळांत किंवा कांद्याच्या टरफलांत उकळायचं. मंजिष्ठेला पाण्यातलं कॅल्शियम मानवतं, म्हणून बोअरच्या जड पाण्यात लाल खुलतो. पावसाचं पाणी घेतलं की तो तसा चढत नाही. मला निसर्ग इथे भेटतो, पातेल्यात. आणि कळकट म्हणता तो रंग गंजलेलं लोखंड आणि गूळ आंबवून काढलेल्या काळ्या पाण्याचा. हिरड्याच्या कापडाला ते लागलं की राखाडी उतरते. पूर ओसरल्यावर गोदाघाटाच्या पायऱ्यांवर गाळ उरतो, तशी. पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आलं यावरून पूर मोजणाऱ्या गावात मी वाढले. माझी नदी त्याच रंगाची आहे.

हो, उरलेलं तुरटीचं पाणी मी कित्येक वर्षं मोरीतच ओतलं. 'नैसर्गिक रंग' असं मिरवत. मोरी शेवटी कुठे जाते हे मला माहीत नव्हतं असं नाही. आता तेच पाणी पुन्हा वापरते, तरी शेवटी थोडं उरतंच.

पण खरं सांगायचंय ते २०१९च्या पुरानंतरच्या हिवाळ्यातलं. राखाडी रंगवलेलं नऊ वार कापड अंगाला गुंडाळून मी पहाटे रामकुंडाच्या खालच्या अंगाला गुडघाभर पाण्यात उभी राहिले. तासभर बोलायचं नाही, एकेक वेढा सोडत कापड प्रवाहावर द्यायचं, असा प्रयोग होता. मैत्रीण पायऱ्यांवरून चित्रण करत होती. अर्ध्यावर एक कुटुंब अस्थी घेऊन आलं. त्यातल्या आजी माझ्याकडे बघत राहिल्या. मग पाण्यात उतरल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "पोरी, तुझं कोण गेलं?"

मी बोलले नाही. प्रयोग मोडू द्यायचा नव्हता.

"रडून घे," म्हणाल्या. स्वतःच्या द्रोणातला झेंडू माझ्या ओंजळीत घातला आणि आपल्या माणसांकडे परत गेल्या.

त्या रात्री मी वहीत लिहिलं, 'आज नदीने मला आपलं मानलं.' ते वाक्य लिहिणाऱ्या बाईशी मी अजून भांडते. नदीने नाही गं, नवरा किंवा मुलगा गमावून आलेल्या एका बाईने मानलं, आणि तू तिला फसवलंस. वहीतली ती म्हणते, मग काय सांगायला हवं होतं? 'आजी, हा प्रयोग आहे'? त्या घडीला? आणि नदीचं सुतक कुणी धरलं तर ते खोटंच असतं का? यावर मला उत्तर सुचत नाही. ते चित्रण मी कुठेही दाखवत नाही, पुसलेलंही नाही.

घाटावर मात्र पुन्हा उभी राहते. आता आधी आजूबाजूला कोण आहे ते बघते, कुणी विचारलं तर बोलते. आणि ज्या कापडाला तुम्ही हमखास नावं ठेवता, ते बहुतेक वेळा तेच नऊ वार असतं. काठाला त्या दिवशीचा गाळ आहे. मी ते विकायला ठेवलेलं नाही.