नॉर्थ कॅरोलायनातील आठवीचा वर्ग

मी ज्या व्हिसावर अमेरिकेतील शाळेत गणित शिकवायला गेले होते, तो जे-१ व्हिसा नोकरीचा नसून सांस्कृतिक देवाणघेवाणीचा आहे, हे पुण्यातील ओळखीच्या शिक्षकांना सांगितले की त्यांचा चटकन विश्वास बसत नाही. वर्ग मिळतो, पगार मिळतो, हजेरी घ्यावी लागते, मग ही देवाणघेवाण कसली, असे त्यांना वाटते आणि त्यांचे काही चुकत नाही. या व्हिसामागे १९६१ चा, फुलब्राइट-हेज या नावाने ओळखला जाणारा कायदा आहे आणि दोन देशांतील लोकांनी एकमेकांना समजून घ्यावे हा त्याचा हेतू आहे. प्रत्यक्षात मात्र लहान गावांतील अनेक अमेरिकी शाळांना गणित, विज्ञान आणि विशेष शिक्षण या विषयांसाठी शिक्षक मिळत नाहीत आणि रिकामा वर्ग भरणे ही त्यांची खरी निकड असते. शाळेला शिक्षक हवा असतो, शिक्षकाला डॉलर आणि अनुभव हवा असतो, आणि हेतू कागदावर राहतो, असे पुष्कळदा घडते. माझ्या बाबतीत तो पूर्णपणे कागदावर राहिला नाही आणि त्याचे श्रेय माझ्यापेक्षा त्या नियमांतील एका छोट्या कलमाला अधिक आहे.

त्या कलमाकडे येण्यापूर्वी पात्रतेबद्दल थोडक्यात सांगते, कारण विचारणाऱ्यांना तेच हवे असते. शिकवण्याचा किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि अर्ज करताना सर्वसाधारणपणे तुम्ही शिक्षक म्हणून कार्यरत असावे लागते. आपली पदवी अमेरिकी पदवीशी समकक्ष आहे, असे तेथील मूल्यमापन संस्थेकडून प्रमाणित करून घ्यावे लागते, शिवाय ज्या राज्यात जायचे त्या राज्याचे शिक्षकांसाठीचे निकष पूर्ण करावे लागतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली प्रायोजक संस्था डीएस-२०१९ नावाचा फॉर्म देते आणि तो घेऊन मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत मुलाखतीला जावे लागते. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची, ती एक किंवा दोन वर्षांनी वाढू शकते आणि त्यानंतर पुन्हा याच मार्गाने जायचे असेल तर मधली दोन वर्षे अमेरिकेबाहेर काढावी लागतात. प्रायोजक संस्थांचे शुल्क जबर असू शकते. म्हणून कोणा एजंटाच्या हाती पैसे ठेवण्याआधी परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त प्रायोजकांची यादी स्वतः उघडून पाहावी, एवढे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते.

माझी शाळा नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात, तंबाखू आणि रताळ्यांच्या शेतांनी वेढलेल्या एका लहानशा गावात होती. अमेरिकेत सर्वाधिक रताळी याच राज्यात पिकतात, त्यामुळे परदेशात उपवासाचे काय, ही माझ्या सासूबाईंची चिंता पहिल्याच आठवड्यात मिटली. गाडीशिवाय तेथे दूधसुद्धा आणता येत नाही, हे मात्र कोणी आधी सांगितले नव्हते.

आठवीच्या वर्गात मला सर्वांत परकी वाटलेली गोष्ट म्हणजे गुण देण्याची पद्धत. पुण्यात आपण उत्तरपत्रिका वाटताना नावे पुकारतो, गुण मोठ्याने सांगतो, पहिल्या तिघांना टाळ्या देतो आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाला सर्वांसमक्ष दोन शब्द ऐकवतो. यात काही वावगे आहे असे आपल्याला वाटतच नाही, कारण आपणही असेच शिकलो. तेथे फर्पा या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा १९७४ चा कायदा आहे आणि त्यानुसार विद्यार्थ्याचे गुण ही त्याची आणि त्याच्या पालकांची खाजगी बाब ठरते. शाळा सुरू होण्यापूर्वीच्या प्रशिक्षणात आम्हाला हे इतक्या वेळा बजावण्यात आले, की मी पहिल्या चाचणीच्या उत्तरपत्रिका घडी घालून, गुण आतल्या बाजूला ठेवून वाटल्या. वर्गात अजिबात गलका झाला नाही. एका मुलीने घडीचा कोपरा बोटाभर उचलला, आत पाहिले, पुन्हा मिटला आणि ती माझ्या टेबलाशी येऊन हळू आवाजात म्हणाली, "मॅम, चौथे गणित पुन्हा समजावाल का?" गुणांबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. पुण्यात असा प्रश्न मला क्वचितच ऐकायला मिळतो. येथे "बाई, अर्धा गुण वाढवा ना" हे अधिक ऐकू येते.

आता त्या कलमाकडे येते. जे-१ व्हिसावरील शिक्षकाने दरवर्षी दोन प्रकारचे सांस्कृतिक उपक्रम करावेत, असा नियम आहे. एकात आपल्या देशाचा इतिहास, परंपरा, अर्थव्यवस्था किंवा शिक्षणपद्धती यांची ओळख शाळेला किंवा गावाला करून द्यायची आणि दुसऱ्यात अमेरिकी विद्यार्थ्यांचा दुसऱ्या देशातील, शक्यतो आपल्या मूळ शाळेतील, विद्यार्थ्यांशी संवाद घडवायचा. बहुतेक जण हे काम नऊवारी, लेझीम, रांगोळी आणि समोसे यांवर निभावून नेतात. रांगोळीला माझा विरोध नाही, मीही काढली. पण तेरा-चौदा वर्षांची मुले रंग पाहून "कूल" म्हणतात आणि पुढच्या तासाला निघून जातात. त्यातून त्यांच्या मनात भारताबद्दल एकही प्रश्न उरत नाही.

नॉर्थ कॅरोलायनात आठवीला राज्याचा आणि अमेरिकेचा इतिहास असतो. आमच्या मजल्यावरच्या इतिहासाच्या शिक्षिकेने स्टाफरूममध्ये एकदा मला राज्याच्या विधिमंडळाने १८३०-३१ च्या अधिवेशनात केलेला एक कायदा दाखवला. गुलामांना वाचायला-लिहायला शिकवणे या कायद्याने गुन्हा ठरवले होते. शिकवणारा गोरा असेल तर त्याला दंड किंवा तुरुंगवास, आणि शिकवणारा स्वतः गुलाम असेल तर त्याला फटके. त्या मजकुरात मध्येच एक अपवाद होता: आकडे शिकवायला हरकत नाही. अक्षरांनी माणूस अस्वस्थ होतो आणि मालकाचा हिशेब मात्र चुकता कामा नये, असा हा विचार. माझ्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुले कृष्णवर्णीय होती आणि मी त्यांना आकडेच शिकवत होते, त्यामुळे तो अपवाद मला बराच काळ टोचत राहिला.

मग मी रांगोळीचा नाद सोडला आणि सादरीकरणासाठी पुणे निवडले. बुधवार पेठेतील भिडेवाड्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. शाळेत जाताना लोक सावित्रीबाईंवर शेण आणि चिखल फेकत, म्हणून त्या सोबत दुसरे लुगडे ठेवत, असे सांगितले जाते. हे ऐकताच वर्ग सावध झाला. मागच्या रांगेत नेहमी टोपी पुढे ओढून बसणाऱ्या मुलाने विचारले, "मग दुसऱ्या दिवशी त्या गेल्या का?" गेल्या, असे मी म्हटले. त्याने टोपी मागे केली.

पुढे मी सावित्रीबाईंच्या शिक्षणाबद्दल सांगितले. त्यांनी अहमदनगरला सिंथिया फरार या अमेरिकी मिशनरी बाईंच्या संस्थेत अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले होते. फरारबाई न्यू हॅम्पशायरच्या. त्या १८२७ मध्ये मुंबईस आल्या, पुढे नगरला गेल्या आणि अखेरपर्यंत मुलींना शिकवत राहिल्या. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होता, हे लपवण्याचे कारण नाही आणि मी ते मुलांपासून लपवलेही नाही. पण व्हिसा, प्रायोजक आणि डीएस-२०१९ यांच्या कितीतरी आधी एक अमेरिकी शिक्षिका आमच्याकडे येऊन शिकवून गेली होती, ही गोष्ट मुलांना फार आवडली. शेवटी मी जोतीरावांच्या १८७३ च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका पडद्यावर दाखवली. गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी ज्या अमेरिकी लोकांनी निरपेक्षपणे कष्ट घेतले, त्यांना जोतीरावांनी ते पुस्तक अर्पण केले आहे आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा व्यक्त केली आहे. अमेरिकेतील यादवी युद्ध संपून तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती.

त्यानंतर जातीबद्दल प्रश्न आले आणि ते सोपे नव्हते. जात दिसते का? मग ती कशी कळते? आडनाव बदलले तर? तुमची कोणती? सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीसमोर उभे राहून देताना कसे वाटते, हे येथे बसून सांगता येणार नाही. मी उत्तर दिले. माझ्या मते सांस्कृतिक देवाणघेवाण असलीच तर ती या अर्ध्या तासात झाली आणि सण, साडी, समोसे यांच्या आडोशाने आपण परदेशात नेमका हाच अर्धा तास टाळतो.

दुसरा उपक्रम, म्हणजे पुण्यातील माझ्या जुन्या शाळेशी संवाद, जानेवारीत झाला. हिवाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. आमचा सकाळी सव्वाआठचा तास म्हणजे पुण्यातले संध्याकाळचे पावणेसात. दुपारच्या अधिवेशनातील मुले शाळा सुटल्यावर घरून डबे मागवून थांबली होती. सुरुवातीची दहा मिनिटे फुकट गेली. अमेरिकेच्या दक्षिणेकडील उच्चार पुण्याच्या मुलांना कळेनात आणि ती पाठ करून आणलेली वाक्ये एका दमात म्हणत होती. अखेर पुण्यातील सहकाऱ्याने आणि मी ठरवून ठेवलेली दोन उदाहरणे दोन्हीकडच्या फळ्यांवर लिहिली: २४ ÷ ४ × २ आणि १० − ३ + २.

कोणती क्रिया आधी करायची हे लक्षात ठेवण्यासाठी आपली मुले कंचेभागुबेव म्हणत मोठी होतात: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. तिकडे याच कामासाठी पेमडास (कंस, घात, गुणाकार, भागाकार, बेरीज, वजाबाकी) आहे आणि त्यात गुणाकार भागाकाराच्या आधी येतो. वास्तविक गुणाकार आणि भागाकार समान दर्जाचे असून जे डावीकडे आधी येईल ते आधी करायचे असते, बेरीज-वजाबाकीचेही तसेच. पण पाठांतर हा नियम गिळून टाकते. पहिल्या उदाहरणात पुण्याची मुले १२ या बरोबर उत्तरावर पोहोचली, तर तिकडच्या बऱ्याच मुलांनी आधी गुणाकार करून ३ आणले. पुण्यात जल्लोष झाला. दुसऱ्या उदाहरणात मात्र दोन्ही सूत्रांत बेरीज आधी असल्याने ९ ऐवजी ५ हे उत्तर दोन्ही फळ्यांवर झळकले आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंची मुले एकमेकांकडे बघून हसू लागली. पुढचा अर्धा तास मला काही बोलावेच लागले नाही. शनिवारी शाळा असते का, साठ मुलांच्या वर्गात मागच्यांना ऐकू कसे येते, पिवळी बस घरापर्यंत येते का, असे प्रश्न मुलांनीच एकमेकांना विचारले.

परत आल्यावर मी माझ्या वर्गात गुण पुकारणे बंद केले असून उत्तरपत्रिका घडी घालूनच देते. मुलांना त्याची सवय झाली, पालकांना झालेली नाही. पालकसभेत "बाई, वर्गात पहिला कोण?" हा प्रश्न आजही येतो आणि मी मागच्या चाचणीच्या तुलनेत तुमच्या मुलाची प्रगती किती, एवढेच सांगते. गेल्या सभेत एका वडिलांनी शांतपणे विचारले, की शिष्यवृत्ती परीक्षेची गुणवत्ता यादी शासनच जाहीर करते, मग वर्गातच ही लपवाछपवी कशासाठी? त्यांचा मुद्दा बिनतोड होता. तूर्तास मी शिष्यवृत्तीच्या सराव परीक्षांमधील क्रमांक, पालकांनी मागितला तर, फक्त त्यांच्या मुलापुरता आणि स्टाफरूममध्ये बसून सांगते. वर्गात मात्र घडी कायम आहे.